सही करण्याआधी: वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातील कपात आणि कामगाराचे हक्क

गाड्यांची विक्री घटली की त्याचा फटका सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना लगेच बसतो. गाडी बनवणारी कंपनी पुढच्या महिन्याचे शेड्यूल कमी करते, पुरवठादार एक पाळी बंद करतो आणि कंत्राटी कामगार व ट्रेनी यांना सर्वांत आधी घरी बसावे लागते. २०१९ मध्ये महाराष्ट्राने हे अनुभवले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या ऑगस्टच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. महिंद्रासारख्या वाहन कंपनीने आणि नाशिकमध्ये इंजिनाचे भाग बनवणाऱ्या बॉशने ‘नो प्रॉडक्शन डे’ पाळले. सुटे भाग उत्पादकांच्या ‘अ‍ॅक्मा’ या संघटनेने दहा लाख रोजगार धोक्यात असल्याचा इशारा दिला होता.

मराठवाड्यातील अनेक गावांप्रमाणे वसमत तालुक्यातील हट्टा परिसरातूनही तरुण वाळूज, चाकण, रांजणगाव या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि त्याच्याभोवती पुरवठादारांचे जाळे उभे राहिले आहे. काम सुटून गावी परतलेल्या कामगारांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ‘ब्रेक दिला’, ‘राजीनामा लिहून दिल्याशिवाय हिशेब मिळणार नाही म्हणाले’, ‘काही दिवस घरी थांबायला सांगितले’. ऐकायला ही वाक्ये एकसारखी वाटतात, पण कायद्याच्या नजरेत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींत मिळणारी रक्कम वेगळी आहे. नोकरी कोणत्या प्रकाराने गेली हे कागदावर ठरते. म्हणून कागदावर सही करण्याआधीचे आणि गावची गाडी पकडण्याआधीचे दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात.

कोणता कायदा लागू होतो

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंदी हे विषय आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये येतात. पूर्वी ते औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये होते. त्या तारखेआधी नोकरी गेली असेल तर जुना कायदा पाहावा लागतो. नोटीस, भरपाई, ‘शेवटी आलेला आधी जाईल’ हे तत्त्व आणि २४० दिवसांची अट हे मूळ हक्क दोन्हींत जवळपास सारखे आहेत.

आधी प्रकार ओळखा

* ले-ऑफ: मागणी, कच्चा माल किंवा वीज यांच्या अभावी कारखाना हजेरीपटावरच्या कामगाराला तात्पुरते काम देऊ शकत नाही. नोकरी चालूच असते.
* कामगार कपात: शिस्तभंगाच्या शिक्षेखेरीज अन्य कारणाने मालकाने नोकरी संपवणे. भरपाईचा मुख्य हक्क येथे आहे.
* ठरावीक मुदतीची नोकरी संपणे: नेमणूकपत्रात शेवटची तारीख असेल आणि त्या तारखेला काम संपले, तर नव्या संहितेनुसार ती कपात ठरत नाही. मुदतीआधीच कमी केले तर प्रश्न वेगळा.
* राजीनामा: कामगाराने स्वतःहून नोकरी सोडणे. कपातीची भरपाई आणि नोटिशीचा पगार यात मिळत नाही.
* स्वेच्छानिवृत्ती योजना: कंपनी ठरावीक रक्कम देऊ करते आणि कामगार ती स्वीकारतो. स्वीकारण्याआधी कपातीत मिळणारी कायदेशीर रक्कम काढून दोन्हींची तुलना करावी.
* कारखाना बंदी: संपूर्ण कारखाना किंवा त्याचा विभाग कायमचा बंद होणे. ५० किंवा अधिक कामगार असतील तर मालकाला ६० दिवस आधी शासनाला नोटीस द्यावी लागते.

‘ब्रेक’ हा शब्द कायद्यात नाही. ब्रेक मिळाला असेल तर तो वरीलपैकी कशात बसतो, हे नेमणूकपत्र आणि पीएफचे पासबुक समोर ठेवून तपासा.

ले-ऑफमध्ये गावी जाण्याआधी

ज्या कारखान्यात सरासरी ५० किंवा अधिक कामगार आहेत आणि जेथे कामगाराची किमान एक वर्ष सलग सेवा झाली आहे, तेथे ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. साप्ताहिक सुट्या त्यात धरल्या जात नाहीत. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला ही भरपाई नाही.

दूरच्या गावातून आलेल्या कामगारांची फसगत एका अटीत होते. ले-ऑफच्या काळात ठरलेल्या वेळी दिवसातून किमान एकदा कारखान्यात हजेरी लावली नाही, तर त्या दिवसाची भरपाई नाकारता येते. खोलीभाडे वाचवण्यासाठी वाळूजहून दूरच्या हट्ट्याला परतणे साहजिक आहे, पण त्याने अर्धा पगार बुडू शकतो. म्हणून:

* ‘काही दिवस येऊ नका’ असे तोंडी सांगितले तर लेखी नोटीस मागा. मिळाली नाही तर त्याच दिवशी व्यवस्थापनाला ई-मेल किंवा मोबाइलवर संदेश पाठवून ‘मी कामावर हजर आहे, मला काम दिले जात नाही’ असे कळवा.
* हजेरीची गरज नाही असे कंपनी म्हणत असेल तर तेही लेखी घ्या. मगच गावी जा.
* ‘नो प्रॉडक्शन डे’ रजेतून वळता केला जात असेल तर युनियनशी तसा करार झाला आहे का, ते विचारा.
* त्याच मालकाच्या आठ किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या कारखान्यात तितक्याच पगाराचे, झेपेल असे काम दिले गेले आणि ते नाकारले, तर भरपाईचा हक्क जातो.

ले-ऑफ तात्पुरता असतो, तरी तो कपातीची पहिली पायरीही ठरू शकतो. तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. २०२१ मध्ये तेथील १,४१९ कामगारांना आधी ले-ऑफ मिळाला, नंतर कपात झाली आणि वाद न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, तेव्हाही जुन्या कामगारांचा प्रश्न संपलेला नव्हता. संघटित आणि कायम कामगारांनाही वर्षानुवर्षे झगडावे लागते, म्हणून कागदपत्रे आणि घरखर्चाची तजवीज पहिल्या दिवसापासून करावी.

कपातीत काय काय मिळते

गेल्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर एका वर्षाची सलग सेवा धरली जाते. पगारी साप्ताहिक सुट्या, पगारी सण आणि ले-ऑफचे दिवसही यात मोजले जातात. ‘२४० भरत नाहीत’ असे सांगितले तर हा हिशेब स्वतः करून पाहा. सलग सेवा असलेल्या कामगाराला कपातीत पुढील देणी मिळतात:

१. एक महिन्याची लेखी नोटीस, कारणासह. किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार.
२. प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. शेवटचे वर्ष सहा महिन्यांहून अधिक भरले असेल तर ते पूर्ण धरतात.
३. ग्रॅच्युइटी: पाच वर्षे सेवा झाली असेल तर. ठरावीक मुदतीच्या कामगाराला नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही.
४. पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचा शेवटचा पगार. ही नव्या संहितेतील तरतूद आहे. मालकाने निधीत रक्कम भरायची आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची असते.
५. राहिलेला पगार, ओव्हरटाइम, शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर थकीत वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावे लागते.

उदाहरणादाखल, वेतन दरमहा १८,००० रुपये आणि सेवा ७ वर्षे ८ महिने असलेला कामगार घेऊ. त्याची सेवा ८ वर्षे धरली जाईल.

* नोटिशीचा पगार: १८,००० रुपये
* कपात भरपाई: अर्ध्या महिन्याचे ९,००० × ८ = ७२,००० रुपये
* ग्रॅच्युइटी: १८,००० × १५ ÷ २६ × ८ = सुमारे ८३,०७७ रुपये
* पुनर्कौशल्य निधी: ९,००० रुपये

एकूण सुमारे १,८२,०७७ रुपये. पीएफ, रजा व बोनस यांहून वेगळे. याच कामगाराने राजीनाम्यावर सही केली तर यांतली केवळ ग्रॅच्युइटी उरते. म्हणजे एका सहीने जवळपास एक लाख रुपये जातात.

कोणाला कमी करायचे याचाही नियम आहे. त्याच प्रकारच्या कामातील सर्वांत शेवटी लागलेला आधी कमी केला जातो. वेगळे केल्यास मालकाला कारण नोंदवावे लागते. तुमच्यानंतर लागलेला कामगार त्याच कामावर राहिला असेल तर ज्येष्ठता यादी मागा. कपातीनंतर एका वर्षात कारखान्याने पुन्हा भरती केली तर कमी केलेल्यांना प्राधान्याने संधी द्यावी लागते. ही सूचना गावच्या पत्त्यावर पोहोचावी म्हणून पूर्ण पत्ता आणि चालू मोबाइल क्रमांक कंपनीला लेखी देऊन ठेवा.

३०० कामगारांची मर्यादा

३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ, कपात किंवा बंदीसाठी शासनाची पूर्वपरवानगी लागते आणि कपातीची नोटीस तीन महिन्यांची असते. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला गेला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून कंपनीने अर्ज केल्याचे कळताच युनियनने किंवा कामगारांनी मिळून आपले म्हणणे लगेच लेखी मांडावे. परवानगीविना झालेली कपात बेकायदा ठरते आणि कामगाराचे सर्व हक्क कायम राहतात.

राजीनामा मागितला तर

दबाव बहुतेक वेळा तोंडी असतो. ‘राजीनामा द्या म्हणजे पुढे काम मिळेल’, ‘नाहीतर अनुभवाचे पत्र देणार नाही’ असे सांगितले जाते. अशा वेळी:

१. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. इंग्रजी मजकूर समजून घेण्यासाठी एक दिवस मागा आणि त्याचा फोटो घ्या.
२. ‘मला राजीनामा द्यायचा नाही, कपात करायची असल्यास कायद्याप्रमाणे नोटीस व भरपाई द्यावी’ एवढे दोन ओळींत लिहून द्या आणि पोच घ्या.
३. ‘फुल अँड फायनल’ कागदावर ‘आता कोणतेही देणे बाकी नाही’ असे वाक्य असते. रकमा तपासल्याशिवाय त्यावर सही करू नका. सही करावीच लागली तर शेजारी ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा.
४. जबरदस्तीने सही घेतली गेली असेल तर शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कंपनीला आणि कामगार कार्यालयाला स्पीड पोस्टने व ई-मेलने कळवा. महिनाभर गप्प राहिल्यावर ही तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.
५. गेट पास जमा करण्याआधी नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, हजेरीच्या नोंदी, बँक खात्याचे उतारे, पीएफ व ईएसआय क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा.

कंत्राटी कामगार आणि ट्रेनी

मंदीत सर्वांत आधी कमी होणाऱ्यांकडेच बहुतेकदा कागद सर्वांत कमी असतात. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री ठेकेदार असतो, त्यामुळे नोटीस व भरपाई ठेकेदाराकडे मागायची असते. मात्र ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. ठेकेदाराचे नेमके नाव पीएफच्या पासबुकात सापडते. तक्रारीत ठेकेदार आणि मुख्य कंपनी या दोघांचीही नावे लिहा.

वर्षानुवर्षे तेच काम करून घेऊन, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून मध्ये ब्रेक देत राहणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात अनुचित प्रथा मानली आहे. त्याखाली न्यायालयात तक्रार ९० दिवसांत करावी लागते. आपले प्रकरण यात बसते का, हे वकिलाकडून लवकर तपासून घ्या.

शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अ‍ॅप्रेंटिस ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही, त्यामुळे त्याला कपातीची भरपाई नाही. थकलेले विद्यावेतन आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागण्याचा हक्क मात्र आहे.

पीएफ आणि पेन्शन

* नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण कंपनीने बरोबर भरले आहे का ते पीएफच्या पोर्टलवर पाहा. कपात झालेली असताना ‘राजीनामा’ असे कारण नोंदले असेल तर दुरुस्ती मागा. कंपनीने तारीख भरलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती स्वतः भरता येते.
* पीएफ संघटनेच्या विश्वस्त मंडळाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी ठरवल्याप्रमाणे नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता येईल आणि संपूर्ण रक्कम १२ महिने बेकारीनंतर. अर्जाआधी पोर्टलवरचा चालू नियम वाचा.
* लागेल तेवढीच रक्कम काढा. एकूण सेवा पाच वर्षांहून कमी असताना काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो.
* पेन्शनसाठी दहा वर्षे सेवा लागते. पेन्शनचे पैसे काढून घेतले तर तोवरची सेवा पुसली जाते. पुन्हा नोकरी करायची असेल तर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतल्यास आधीची वर्षे पुढच्या नोकरीत जोडली जातात.
* आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक जोडलेले असतील तर अर्ज घरबसल्या होतो. ओटीपी कोणालाही सांगू नका.

ईएसआयचे लाभ

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू असतो आणि नोकरी गेल्यावरही त्याचे काही लाभ उरतात.

* उपचार: एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढील जुलै ते डिसेंबर या काळात लाभ मिळतात. नोकरी गेली म्हणून कार्ड टाकून देऊ नका.
* अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: दोन वर्षे विमित नोकरी आणि लगतच्या वर्गणी कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी असल्यास, सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाच्या वेळी ती चालू आहे ना ते पाहा.
* राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना: कारखाना बंदी किंवा कपातीमुळे नोकरी गेली असेल आणि किमान दोन वर्षे वर्गणी भरलेली असेल, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो: पहिले वर्ष ५० टक्के, दुसरे वर्ष २५ टक्के.

राजीव गांधी योजनेत नोकरी जाण्याचे कारण निर्णायक असते. राजीनाम्याची सही येथेही आड येते.

दाद कुठे आणि किती दिवसांत

वाद सहसा कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तेथील कामगार कार्यालयात दाखल होतो. वाळूजच्या कारखान्यासाठी छत्रपती संभाजीनगर, चाकण व रांजणगावसाठी पुणे. म्हणून शक्य असल्यास गावी परतण्याआधी तेथेच अर्ज देऊन पोच घ्यावी.

१. अर्जात नेमणुकीची तारीख, काम, शेवटचा पगार, काढल्याची तारीख आणि मागणी लिहा.
२. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. समेट झाला नाही तर प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणाकडे नेता येते.
३. नव्या संहितेनुसार वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेटाची कार्यवाही होत नाही. जुन्या कायद्यात तीन वर्षे होती. वाट पाहत बसू नका.
४. एकाच वेळी अनेक जण कमी झाले असतील तर एकत्र अर्ज करा. पुरावे आणि खर्च वाटून घेता येतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हट्टा परिसरातील कामगाराला वसमत न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा हिंगोलीच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा मदत क्रमांक आहे. खटला दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तेथे वकील मिळवून देण्याची विनंती याच अर्जात करा.

गावी परतल्यावर

* हिंगोलीच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आणि महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवा. सीएनसी, वेल्डिंग, गुणवत्ता तपासणी अशा कामांचा अनुभव मशीनच्या नावानिशी लिहा.
* घर किंवा गाडीच्या कर्जाचा हप्ता थकण्याआधीच बँकेला कळवा आणि मुदत वाढवून मागा. थकल्यावर मागितलेली सवलत अवघड होते.
* ईएसआयचा लाभ संपल्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार अद्ययावत ठेवा.
* भरपाईची सगळी रक्कम लगेच दुकान, गाडी किंवा शेतीत गुंतवू नका. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. व्यवसाय करायचाच असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या.
* ‘पैसे भरा, कंपनीत लावतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नका. नेमणूकपत्र हाती आल्याशिवाय मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नका.
* पुढच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात नेमणूकपत्र मागा. नव्या संहितांनुसार ते देणे मालकावर बंधनकारक आहे. नेमणुकीचा प्रकार, मुदत आणि मूळ वेतन हे तीन मुद्दे त्यात तपासा, कारण पुढच्या मंदीत नोटीस, भरपाई आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब त्यांच्यावरच होणार आहे.